शनिवारची रिकामी बादली

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली. आजारपणाचं सर्टिफिकेट खरं की खोटं, हे मला कागद हातात घेतल्याबरोबर कळायचं. त्यामुळे २०१६ साली न्यूझीलंडमध्ये पापाकुराला मुलाकडे राहत असताना, तो सलग पाचव्या शनिवारी मासेमारीहून रिकामी बादली घेऊन आला तेव्हा मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

एक तर ती बादली धुतलेली असायची. जिच्यात काही पडलंच नाही ती बादली धुतं का कुणी? दुसरं म्हणजे घरात यायच्या आधी तो गराजमध्ये कपडे बदलायचा, आणि हाताला लिंबाचा वास. "काय रे, मिळालं का काही?" असं विचारलं की, "नाही गं आई, बॅड लक." सुनेकडे बघावं तर ती लगबगीने डिशवॉशर उघडायची, मग तो भरलेला असो की रिकामा.

मासे मी सोडले होते. हे वारले त्या वर्षी मी काशीला जाऊन आले. तिथे एखादी आवडती गोष्ट सोडून यायची असते. मला माशांपलीकडे आवडायचं काय? सोडून टाकले. चार वर्षं झाली, खाणं नाही की करणं नाही. पण नाक काही सोडलं नव्हतं, आणि लिंबाच्या मागे काय दडलंय ते त्या नाकाला बरोब्बर कळत होतं.

आता एवढ्याशा गोष्टीचं मी इतकं मनावर का घ्यावं? तर मुलाचं म्हणणं होतं, ठाण्याचा ब्लॉक विकून टाक आणि कायमची इकडे ये. मार्चमध्ये परत जायच्या आधी मी हो की नाही ते सांगायचं होतं. ब्लॉक एकदा विकला की परतीची वाट बंद. आणि नेमकं त्याच दिवसांत एका दुपारी सून फोनवर तिच्या आईशी बोलत होती ते माझ्या कानावर पडलं. "आई गेल्या की मग निवांत. तोवर दम धरायचा." मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती एकदम हवामानावर बोलायला लागली. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. एकीकडे कायमची ये म्हणायचं, दुसरीकडे जायची वाट बघायची! उद्या ब्लॉक विकून बसले आणि यांना मी नकोशी झाले, तर जायचं कुठे मी? त्या रात्री मला धड झोप लागली नाही.

सहाव्या शनिवारी मी सकाळीच टोपी घालून दारात उभी राहिले. म्हटलं, "मीही येणार बोटीतून."

मुलाचा चेहरा असा झाला की माझा संशय दुप्पट झाला. "तू? अगं, ऊन लागेल तुला."

"ठाण्याचं ऊन खाल्लेली बाई आहे मी."

"वासाचा त्रास होईल."

"कसला वास? तुला तर काही मिळतच नाही ना?"

तो गाडीची किल्ली घ्यायला गेला.

बोट शेजारच्या म्हाताऱ्याची, पत्र्याची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकटा राहायचा, आणि बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. इथले लोक ज्या माशाला कहवाई म्हणतात त्याच्या जातभाईला तिकडे सॅमन म्हणतात म्हणे, म्हणून हाही सॅमनच म्हणायचा. मला बघून "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला आणि फळीवर माझ्यासाठी उशी टाकली. ओळख ना पाळख, उशी कशाला? मला त्याचाही संशय आला.

"लायसन्स आहे का रे याच्याकडे?" मी मुलाला मराठीत विचारलं.

"समुद्रात लागत नाही आई."

लागत नाही! कुणीही उठावं आणि मासे धरावेत, विचारणारं कुणी नाही. मला काही ते पटलं नाही, पण बसले.

मानुकाऊच्या खाडीत भरती चढत होती. पाणी जेमतेम कमरेएवढं, खालचा चिखल स्पष्ट दिसत होता. पंखा चिखलात रुतू नये म्हणून इंजिन अर्धं वर उचललेलं. बोटीमागे दोन रॉडच्या दोन दोऱ्या सोडल्या होत्या, दोन्हींच्या टोकाला वीतभर लांबीचा लाकडी खोटा मासा. त्याला स्टिकबेट म्हणतात. हातात घेतलं तर नुसती रंगवलेली काठी, दोन गळ लावलेली. पण बोट चालू लागली की ती पाण्याखाली अशी काही लचकायची की मलासुद्धा ती जिवंत वाटली. मासा फसणारच. असं ते आमिष ओढत फिरायचं, याचं नाव ट्रोलिंग. मुलाने सगळं समजावून सांगितलं. उथळ पाण्यात मासा बुजतो, म्हणून दोरी लांब सोडायची, बोट अंगावर न्यायची नाही, कडेकडेने जायचं. इतक्या हौसेने सांगत होता की मी मनात म्हटलं, ज्याला कधी काही मिळत नाही त्याला एवढं कसं रे कळतं?

तासभर फिरलो. काठीलाही कुणी शिवलं नाही. आणि मग मला दिसलं की डाव्या हाताला, दूर, पक्ष्यांचा थवा पाण्यावर तुटून पडलाय. माझं माहेर अलिबागकडचं. पक्षी तुटून पडतात तिथे खाली मासे असतात, हे मी परकर नेसायचे तेव्हापासून जाणते. आणि हा पठ्ठ्या बोट नेतोय उजवीकडे!

"तिकडे वळव," मी म्हटलं.

"तिकडे फार उथळ आहे गं. बोट रुतेल."

मी हातवारे करून पक्षी दाखवले तसा म्हातारा मागून म्हणाला, "अरे हो, आपण दर वेळी तिथेच तर जातो. आज काय झालं तुला?"

इंग्रजी मला चांगलं कळतं. मुलाने त्याला डोळ्यांनी गप्प बसायची खूण केली. ती म्हाताऱ्याला कळली नाही, मला कळली.

बोट वळली. थव्याच्या कडेने जेमतेम अर्धी फेरी झाली असेल, माझ्यासमोरचा रॉड वाकला आणि त्याचं दोरीचं चक्र किंचाळायला लागलं. "धर आई, धर! सैल सोडू नकोस!" मुलगा सगळं विसरून लहान असताना ओरडायचा तसा ओरडला. मी दोन्ही हातांनी धरला. बाई गं, काय ती ओढ! हात खांद्यातून निखळतात की काय असं झालं. वर आला तो चांगला दोन हात... बरं, हात-दीड हात लांब असेल, पाठीवर हिरवट ठिपके, पोट चांदीचं. थोराड बांगडाच म्हणा. मुलाने सराईतपणे गळ काढला, मान कापून रक्त जाऊ दिलं आणि मासा बादलीतल्या बर्फात ठेवला. पाठोपाठ आणखी दोन आले.

"बॅड लक काय रे?" मी विचारलं.

तो दोऱ्या गुंडाळायला लागला. म्हातारा मात्र खुशीत होता. "हे कुठे ठेवायचे? फ्रीझरमधला तुझा कप्पा तर गच्च भरलाय."

किनाऱ्यावरून आलो तशी मी घरात गेलेच नाही, सरळ म्हाताऱ्याच्या गराजमध्ये घुसले. त्याने बिचाऱ्याने कौतुकाने फ्रीझरचं झाकण उघडलं. पिशव्याच पिशव्या, एकावर एक, आणि प्रत्येकीवर माझ्या मुलाच्या अक्षरात तारीख. "सगळं जपून ठेवलंय," म्हातारा म्हणाला, "तुम्ही घरी गेलात की यांची मोठी पार्टी."

म्हणजे माझा संशय खरा होता! मी मुलाकडे वळले. "बघताय ना वाट माझ्या जाण्याची? मग कायमची ये कशाला म्हणता?"

"आई, ऐक ना." मुलगा फ्रीझरला टेकला. "तू मासे सोडलेस. तुझ्यासमोर ताटात घेऊन बसायचं कसं? तू इथे आहेस तोवर घरात मासा आणायचा नाही, असं आम्ही ठरवलं. मासेमारीचा नाद मात्र सुटेना."

"आणि मी कायमची आले असते तर?"

"तर आम्हीही कायमचे सोडणार. तेही ठरलंय. आधी हिनेच ठरवलं, मग मी."

मला कळेना की रागवावं की रडावं. रागावणं सोपं, म्हणून रागावले. "अरे गाढवा, मी सोडले म्हणून तुम्हाला कुणी सोडायला सांगितलं? मला विचारायचं तरी!"

"तू सोडलेस तेव्हा आम्हाला कुठे विचारलंस?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "बाबा गेले, आणि त्यांच्याबरोबर तुझ्या हातचं कालवणही गेलं. मी इथे किती वेळा करून बघितलं. नाही होत गं तसं."

एवढी वर्षं मला वाटत होतं की सोडलं ते माझं मी सोडलं, त्यात दुसऱ्याचं काय गेलं. मी बादलीतला ताजा मासा उचलला आणि घरी आले.

सून मला मासा घेऊन आत येताना बघून लाल झाली. "आई, तुम्ही..." "हळद काढ," मी म्हटलं. कोकमं मी ठाण्याहून आणली होती, विमानतळावर फॉर्मवर लिहून, बॅग उघडून दाखवून. खवलेलं खोबरं फ्रीझरमध्ये होतं. वाटण वाटलं, तुकड्यांना हळद-मीठ चोळलं, रस्सा उकळायला लागला आणि घरभर तो वास सुटला. नात खोलीतून धावत आली. "आजी, इज दॅट फॉर अस? लाइक, टुडे?" मी मान डोलावली.

एकच अडचण होती. मासा अनोळखी, पातेलं अनोळखी, आणि चार वर्षांत हात गेलेला. मिठाचा अंदाज येईना. मी पळी मुलापुढे धरली. "मीठ बघ."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तूच बघ."

सुनेकडे वळले तर तीही हाताची घडी घालून ओट्याला टेकलेली. दोघांचा कट होता, दुसरं काय! मी पळीवर फुंकर घातली. मग तळहातावर एक थेंब घेतला आणि चाटला.

मीठ कमी होतं. चिमूटभर घातलं आणि मुलाला म्हटलं, शेजारी हाक मार, त्या म्हाताऱ्यालाही जेवायला बोलव. सून ताटं मोजून टेबलावर मांडायला लागली. चारच काढली होती तिने, त्या तिघांची आणि म्हाताऱ्याचं.

"पाच मांड," मी म्हटलं.