पाटीवरच्या बाई

आमच्या भवानी पेठेतल्या चौकाला सासूबाईंचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त त्याच वैतागल्या. "कशाला गं? आता कोण वळकतंय मला?"

चाळीस वर्षं त्यांनी ह्या पेठेत बाळंतपणं केली. कुणी अडली की दाराची कडी वाजायची आणि ह्या हातातली भाकरी टाकून पळायच्या. आता सगळ्या दवाखान्यात जातात. चांगलंच आहे ते. पण गुडघे धरल्यापासून सासूबाई घराबाहेर पडेनात, आणि आपल्याला सगळे विसरले हे त्यांनी मनात पक्कं धरलेलं. मला फार वाईट वाटायचं. म्हणून मंडळाचा सेक्रेटरी फोटो मागायला आला, तेव्हा मी त्यांना न विचारताच देऊन टाकला.

रविवारी सकाळी त्यांना हाताला धरून चौकात नेलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. पाहुण्यांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि मी पाटी वाचली. पाटीवर नावाच्या आधी ठसठशीत 'कै.'! खाली फोटो, फोटोला हार, पुढं उदबत्ती. चौकाला नाव द्यायचं ते गेलेल्या माणसाचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की पेंटरपासून हारवाल्यापर्यंत कुणाला काही खटकलंच नाही.

मी जी तडकले! "अहो, डोळे फुटले काय तुमचे? समोर बसल्यात की त्या!"

सेक्रेटरी घामाघूम. पेंटर, चांगला पन्नाशीचा बाप्या, हात जोडून उभा. "चुकलं, काकू. हात आपोआप चालला बघा."

सासूबाई मात्र त्याच्याकडं निरखून बघत होत्या. "तू कोपऱ्यावरच्या टॉवेलवाल्याचा मधला न्हवं? पायाळू! लई तरास दिलास आईला. जन्मलास उलटा, आन् काम बी उलटंच!"

सगळा चौक खो खो हसला. पेंटरनं मात्र खाली बसून त्यांचे पाय धरले. डोळ्यांना धार लागलेली. "आजी, आई मरेपर्यंत तुमचंच नाव घ्यायची."

"मग हे येऊन सांगायचं की, मुडद्या! एवढी वर्षं कुटं होतास?"

मागून एक बाई पुढं आली, "आजी, मी पण तुमच्याच हातची." मग आणखी एक, मग एक आजोबा झालेला गृहस्थ. भाषणं राहिलीच. माझा राग कुठल्या कुठं गेला. पेंटरनं थिनर आणून 'कै.' पुसलं, हार फोटोवरनं काढून सासूबाईंच्या गळ्यात घातला.

आता रोज संध्याकाळी गुडघे दुखत असले तरी त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसतात. परवा एका नव्या माणसानं थांबून विचारलं, "आजी, ह्या पाटीवरच्या बाई कोण हो?"

"मीच की," म्हणाल्या. "बस हितं. तुजी आई कोण, सांग बघू."