दार रिकामं ठेवायचं

“लक्षात ठिवू नको रे बाबा, जागेवर ठिव!” असं म्हणून सर हवेतल्या खुंटीला पिशवी अडकवल्यासारखा हात करायचे. तुम्हालाही असा एखादा मास्तर भेटला असेल. आमचे सर जुन्या जालन्यात, आमच्या समोरच्याच घरात राहायचे. शाळेतून आले की ओसरीवर सतरंजी टाकून पोरांना पाठांतराच्या युक्त्या शिकवायचे.

पोरं डोळे मिटून मनातल्या मनात आमची गल्ली चालायची आणि पाठ करायचं एकेक नाव वाटेतल्या एकेका जागी बसवायची. गिरणीवर बाबर दळण घेऊन उभा, कापडाच्या दुकानात हुमायून लुंगी मापतोय, पानटपरीवर अकबर चुना मागतोय. “चित्र जितकं येडं, तितकं पक्कं!” सर म्हणायचे. माझा पोरगा इतिहासात पास झाला, पण गिरणीवाला दिसला की हसत सुटायचा. “भाभी, इसको क्या हुआ?” असं तो बिचारा विचारायचा. मी काय सांगणार, कप्पाळ!

सरांचा एकच नियम कडक होता. “आपल्या घराच्या दारात काही ठिवायचं न्हाई. तिथं रोजची येजा, सगळं एकात एक मिसळतं. दार रिकामं!”

सरांची बायको, आमच्या काकू, आत भाकरी थापत हे सगळं ऐकायच्या. एखादं पोरगं अडलं की आतून आवाज यायचा, “अरे, टपरीवर अकबर हाय की!” सर लटक्या रागानं म्हणायचे, “मंग तुम्हीच बसा परीक्षेला!”

सर निवृत्त झाले आणि काकू विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग माणसांची नावं. एकदा कोथिंबीर आणायला गेल्या त्या थेट बसस्टँडवर सापडल्या. डॉक्टरांनी हात टेकले. सर मात्र म्हणाले, “मी बसवतो सगळं जागेवर.”

मग सतरंजीवर काकू एकट्याच.

“गिरणीवर कोण?”

“बाबर.”

“कापडाच्या दुकानात?”

“हुमायून.”

सर खुलायचे. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे, “आन् हा कोण?”

काकू पदर सावरून खाली बघायच्या. खरं सांगते, मला त्या बाबराचा असा संताप यायचा! मेला तो पक्का बसलाय, आणि जन्माचा जोडीदार परका.

एका संध्याकाळी मी शेपूची भाजी घेऊन गेले, तर सर स्वतःच्या दारात ताठ उभे. अंगात इस्त्रीचा सदरा, पांढऱ्या केसांवर मुंडावळ्या! मला हसू फुटणार तेवढ्यात ते हळूच म्हणाले, “सगळ्यांला जागा दिली ओ, मला द्यायची राहिली. आज देऊन बघतो.”

आणि आत बसलेल्या काकूंकडे वळून त्यांनी विचारलं, “सांगा बरं, दारात कोण?”

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“दारात कुणी नसतंय,” काकू ठामपणे म्हणाल्या. “दार रिकामं ठिवायचं. आमचे हे सांगतेत पोरांला.”

सरांनी कपाळावरच्या मुंडावळ्या सरळ केल्या.

“जरा सरका बाजूला,” काकू म्हणाल्या. “शाळा सुटली आसंल. यायची येळ झाली त्यांची.”

सर मुंडावळ्यांसकट पायरी उतरले आणि बाजूला झाले. काकू रिकाम्या दारातून रस्त्याकडे बघत बसल्या.