बाबांसाठी घेतलेलं मशीन

नवरा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, मी आणि माझे सासरे. नायगावला खाडीकडच्या टॉवरमध्ये आमचा फ्लॅट. सासूबाई वारल्यापासून बाबा वाडीतलं घर सोडून आमच्याकडेच राहत होते. नवरा ऑफिसात बसल्या जागी गेला. मी त्याचे दिवस केले, सातिवलीच्या कारखान्यातल्या माझ्या नोकरीवर परत रुजू झाले, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावू लागले. रडू येत नव्हतं. लोक म्हणायचे, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. सगळं जाड काचेपलीकडे चाललं होतं एवढंच.

बाबांना जुना मधुमेह. सकाळी इन्सुलिन घ्यायच्या आधी साखर तपासावी लागे, आणि ते काम नवरा करायचा. आता ते माझ्याकडे आलं. एका सकाळी मशीनने एक आकडा दाखवला, बाबा म्हणाले पुन्हा बघ, तर दुसराच आला, पहिल्याच्या जवळपास दुप्पट. कोणत्या आकड्यावर इन्सुलिन द्यायचं तेच कळेना. मी बाबांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. पट्ट्यांच्या डबीचं झाकण नीट बसतं का, असं त्यांनी विचारलं. बसत नव्हतं, तडकलं होतं. खाडीच्या दमट हवेत पट्ट्या खराब झाल्या असणार, त्या म्हणाल्या, आणि मशीनही आता जुनं झालंय. नवीनच घ्या.

"कोणतं घेऊ?" मी विचारलं.

"बाबांना स्वतःला वाचता येईल असं. त्याच्या पट्ट्या तुमच्या घराजवळच्या मेडिकलमध्ये मिळायला हव्यात. आणि आणल्यावर एकदा लॅबच्या रिपोर्टशी ताडून बघा. थोडा फरक येतोच, पण फार यायला नको."

शनिवारी बाबांना घेऊन मी माणिकपूरला औषधांच्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदाराने काउंटरवर चार मशिनं मांडली. त्यातलं एक अगदी काडेपेटीएवढं होतं.

"हे बघा आजोबा, खिशात मावतं."

"खिशात घालून काय करू? मला हातात धरता आलं पाहिजे," बाबा म्हणाले. त्यांनी एकेक पट्टी चिमटीत धरून पाहिली. अरुंद पट्ट्या त्यांच्या बोटांतून निसटत होत्या. त्यांचं आयुष्य वाडीत पानवेली बांधण्यात गेलेलं, बोटांच्या टोकांना चामड्यासारखी कातडी. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. त्यांनी प्रत्येक मशीन हातभर लांब धरून आकडा वाचायचा प्रयत्न केला.

दुकानदार भला माणूस होता. "आत्तापर्यंत घरी कोण तपासायचं?" त्याने विचारलं.

"माझा मुलगा," बाबा म्हणाले.

"मग त्यांनाच पाठवा ना, नीट समजावून देतो."

"ते नाहीत," मी म्हणाले. एखादी वस्तू स्टॉकमध्ये नाही असं सांगावं, तशा आवाजात. दुकानदाराने चारही मशिनं बाबांच्या पुढ्यात सरकवली. बाबांनी शेवटी मोठ्या आकड्यांचं, रुंद पट्टीचं मशीन निवडलं. त्याला रक्ताचा अगदी बारीकसा थेंब पुरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, आम्ही ते उघडलं. बाबांच्या बोटातून थेंबच येईना. मी त्यांना कोमट पाण्याने हात धुवायला लावले, हात थोडा वेळ खाली सोडून ठेवायला सांगितला, टोचायच्या पेनावर सुईची खोली वाढवली आणि बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचलं. तेव्हा आला.

"दुखलं का?"

"बोटाचं काय घेऊन बसलीस, बाय. पायात काटा मोडला तरी मला कळत नाय आता."

आकडा त्यांचा नेहमीसारखाच आला. पण बाबांचा विश्वास बसेना.

"हे खरं बोलतंय कशावरून? तू घाल बोट. तुला तर साखर नाय. तुझी बरोबर आली म्हणजे मशीन बरोबर."

मी नवी सुई लावली आणि बोट टोचून घेतलं. आकडा आला तो अडीचशेच्या वर.

बाबा हसलेच. "बघ! फसवलं त्याने आपल्याला."

मी नुकताच साखरेचा डबा हाताळला होता. म्हटलं, बोटाला लागली असेल. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. पुन्हा तसाच आकडा, पाच-सातचा फरक. बाबांचं हसू गेलं.

"परत देऊन टाक ते मशीन," ते म्हणाले.

मला काही वाटलं नाही. भीती वाटायला हवी होती हे समजत होतं. मी त्यांना इन्सुलिन दिलं, नाश्ता दिला, कपडे वॉशिंग मशीनला लावले.

सोमवारी मी डबा भरत होते, तर बाबा पँट-शर्ट घालून दारात उभे. "कामावर फोन कर. आधी लॅबमध्ये जायचं. काही खाऊ नको."

रिक्षाभर त्यांनी मशीनची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. लॅबमधल्या मुलीने हाताच्या शिरेतून रक्त घेतलं आणि त्याच वेळी बाबांनी मला बोट पुढे करायला सांगितलं. त्यांनी स्वतः टोचलं, जरा जोरातच. मशीनचा आकडा त्यांनी दोनदा मोठ्याने वाचला, विसरू नये म्हणून.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उघडला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

"मशीन बरोबर आहे, बाबा."

ते खुर्चीत बसले. "बरोबर कशाला निघालं," ते म्हणाले आणि रडू लागले. मुलाला अग्नी देतानाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पाण्याचा पेला भरून त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी उभी राहिले. हात त्यांच्या खांद्यावर ठेवावा असं मनात आलं, पण हात उचललाच गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तहान लागते का, वजन उतरलं का, पायांना मुंग्या येतात का. सगळ्याला हो.

"मग आला का नाहीत?"

"मला वाटलं, माणूस गेल्यावर असंच होत असेल."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. मग गोळ्या लिहून दिल्या, आणि काय खायचं, किती चालायचं ते सांगितलं. प्रत्येकाने आपली सुई वेगळी वापरायची, हे त्यांनी बाबांना बजावून सांगितलं.

तेव्हापासून सकाळी आधी माझी साखर, मग त्यांची, असा बाबांचा नियम आहे. मी स्वतः टोचून घेऊ शकते, पण ते ऐकत नाहीत. चष्मा लावतात, माझं बोट घट्ट धरतात, कडेला टोचतात, पट्टी काढली की डबीचं झाकण दाबून बसवतात. आकडा बातम्या वाचल्यासारखा वाचून दाखवतात. तो हळूहळू उतरला. पायांच्या मुंग्या कमी झाल्या. बाकीचं पुष्कळसं तसंच आहे.

मध्यंतरी बाबांचा पुतण्या त्यांना वाडीत न्यायला आला. म्हणाला, काका, इथे बंद घरात काय करता, तिकडे आपली माणसं आहेत.

"हिची साखर कोण बघणार?" बाबांनी विचारलं.

पुतण्या माझ्याकडे बघू लागला. माझी मी बघेन, असं मी म्हणू शकले असते. म्हणाले नाही. आत जाऊन तिघांचा चहा टाकला.