डावीकडच्या सीटवरच्या मावशी

माझ्या ताईच्या सासूबाईंनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण त्यांच्याइतकी गाडीची जाण असलेला माणूस रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. तीस वर्षं त्या यजमानांच्या शेजारी, डावीकडच्या सीटवर बसून फिरल्या आणि खिडकीबाहेर बघायचं सोडून गाडी ऐकत राहिल्या. त्यांच्या कानाला सुट्टी अशी नसतेच. वाडीतला पंप हवा ओढू लागला की तव्यावरची पोळी तशीच टाकून उठतात. शेजारच्या मिक्सरचं पातं बोथट झालंय हे शेजारणीच्या आधी त्यांना कळतं. एकदा पुण्याचे व्याही गाडी घेऊन आले, तर "या, बसा" म्हणायच्या आधी फाटकातच त्यांना म्हणाल्या, "पट्टा सैल झालाय हो तुमचा!" व्याह्यांनी दचकून कमरेला हात लावला.

यजमान गेल्यावर त्यांची जुनी गाडी पोफळींच्या सावलीत उभीच असायची. ताईचे मिस्टर आठवड्यातून एकदा ती चालू करून बघत. गेल्या हिवाळ्यात ते महिनाभर बाहेरगावी होते, आणि नेमकं तेव्हाच भाचीला मुंबईहून नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. मी तेव्हा ताईकडेच होतो. मुलाखतीच्या दिवशी सकाळची एसटी चुकली. पुढच्या एसटीनं गेलं तर मांडव्याहून मुंबईला जाणारी लाँच गेलीच म्हणून समजायचं. मी गाडीत बसून चावी फिरवली. टकटकटकटक असा आवाज झाला आणि गाडी गप्प. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुन्हा चावीला हात घातला तोच ओटीवरून मावशी ओरडल्या, "अरे, छळू नकोस तिला! आधी दिवे लाव."

दिवे लख्ख लागले.

"आता फिरव चावी."

पुन्हा टकटक, आणि दिवे पार विझल्यासारखे झाले.

"बॅटरीत जीव आहे. वाटेत कुठंतरी अडतोय. बॉनेट उघड."

उघडून बघतो तर बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड साचलेली. "खारा वारा," मावशी म्हणाल्या. "खिडकीचे गज सोडत नाही, हिला काय सोडतोय!" ताईनं गरम पाणी आणलं, मी पाना घेतला. "काळी वायर आधी सोड, लावताना ती शेवटी." जुन्या ब्रशनं घासून, पुसून, सगळं घट्ट बसवलं. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आम्ही आरडाओरडा करणार, तर मावशींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. डोळे मिटून ऐकलं, मान हलवली, आणि कुणाला न विचारता डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या.

लाँच मिळाली. नोकरीही मिळाली, पण ते पुढचं. परतताना मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही गाडी का नाही शिकलात?"

"हे दोनदा म्हणाले होते, शीक म्हणून." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "शिकले असते तर म्हणाले असते, जा आता तू एकटी."

चौल मागं पडल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तिसऱ्यातच फार रेंगाळतोस तू. हेही रेंगाळायचे."

मी चौथा गिअर टाकणार होतो. टाकला नाही.