नलूबाईंना न मागता कळायचं

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी जुनैद पहिल्यांदा बोलला. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. शब्द होता 'पानी'. दिवेआगरच्या बाजारापलीकडे रेश्माने नव्याने नर्सरी सुरू केली होती, तिथे तो बोलला. त्याआधीचं वर्षभर तो नलूबाईंच्या बालवाडीत होता आणि तिथे त्याने एकही शब्द उच्चारला नव्हता.

नलूबाईंना हे संध्याकाळी कळलं. त्यांच्या वाडीत नारळ पाडायला येणारा गडी सहज बोलून गेला. मी कुंपणापाशी उभा होतो. नलूबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"कुणाशी बोलला?"

"रेश्माशी."

"तिच्याशी कशाला?" नलूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बालवाडी त्यांच्या घराच्या पडवीत भरत असे. समोर सुपारीची वाडी. वादळात पडवीची कौलं उडाली, तेव्हापासून वर पत्रे. मुलं शेजारच्या वाड्यांतली, कोळीवाड्यातली, मोहल्ल्यातली. माझी मुलगी मुक्ता तिथे दोन वर्षं होती. आमचं घर वाटेच्या पलीकडे होतं, त्यामुळे तिथे काय चालतं ते मला खिडकीतून दिसत असे.

सकाळी नलूबाई पायरीवर बसत आणि आत येणाऱ्या प्रत्येक मुलाची हनुवटी वर करून बघत. "हा रात्री झोपलेला न्हाय." "हिचं पोट दुखतंय, हिला आज भात नको." बहुतेक वेळा ते खरं निघे. मुलं सुपाऱ्या लहानमोठ्या निवडून करवंट्यांत भरत, ओल्या वाळूवर बोटाने अक्षर काढत, एकमेकांच्या चपला जोडीने लावत. पडवीत रडणं फारसं ऐकू येत नसे. मुलाने माठाकडे बघायचा अवकाश, भांडं त्याच्या हातात असे. कुणी नुसती चुळबुळ केली तरी नलूबाई त्याला मागच्या दारी घेऊन जात. "पोराला मागायला लागलं तर बाई कशाला ठेवली?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एखादं मूल काही सांगू लागलं की त्या म्हणत, "कळलं रे मला, कळलं." आणि त्यांना कळलेलं असे.

त्या मत्सरी होत्या. हे गावातल्या कुणाचं मत नव्हे. त्या स्वतःच सांगत. "मला दुसऱ्याचं बघवत न्हाय. लहानपणापासून हाय ते." पहिलीत गेलेली मुलं रस्त्यात नव्या गुरुजींना हात करून 'नमस्ते' म्हणाली की नलूबाई तोंड फिरवत. "दोन वर्षं चड्ड्या धुवून घेतल्या माझ्याकडून. आता नमस्ते तिकडं." मुक्ताला तिच्या आत्याने पुण्याहून चित्रांचं पुस्तक पाठवलं होतं. ते तिने कौतुकाने बाईंना दाखवायला नेलं. बाईंनी सगळं पुस्तक चाळलं. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या, "पण माडाला फांद्या काढल्यात. आत्याला सांग."

बाईंचा मत्सर करणारेही होते. मुक्ता घरी दुधी खात नसे, पडवीत खात असे. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "त्या काय घालतात त्यात?" मुक्ता म्हणाली, "काही नाही. त्या बाई आहेत."

जुनैदची आई सलमा मोहल्ल्यात राहते. नवरा कुवेतला असतो. मूल बोलत नाही हा तिचा घोर होता. डॉक्टरांनी कान तपासले, ते चांगले होते. पण तिने जुनैदला बालवाडीतून काढलं ते या घोरापायी नव्हे. जूनमध्ये एकदा ती त्याला न्यायला आली तेव्हा तो नलूबाईंच्या पदरात शिरला आणि आईकडे यायला तयार होईना. नलूबाईंनी त्याला ढकललं नाही. उलट पदर त्याच्या डोक्यावर घेतला.

सलमा म्हणाली, "बाई, त्याला सोडा ना."

"मी कुठं धरलंय? तोच धरून हाय."

"आई कोण हाय त्याची?"

"तूच की. पण त्याला भूक लागलीय ते तुला कळलंय का?"

दुसऱ्या दिवशी सलमाने त्याचं नाव रेश्माकडे घातलं.

रेश्मा ही त्याच पडवीत शिकलेली. नंतर तिने पेणला बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि काकाच्या होमस्टेच्या खालच्या खोल्या घेतल्या. भिंतींना रंग, खेळायला घसरगुंडी. उद्घाटनाचा पेढा तिने आधी नलूबाईंना नेऊन दिला. नलूबाईंनी तो कावळ्याला घातला.

जुनैद बोलल्याची बातमी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर नलूबाई आमच्या दारात आल्या. "भाऊ, तुम्ही पेपरवाले. तुम्हाला कुठंबी जाता येतं. मला तिच्याकडं घेऊन चला. काय औषध पाजते ते बघू."

मी त्यांना स्कूटरवरून नेलं. रेश्माने खुर्ची दिली. नलूबाई बसल्या नाहीत. खोलीत पंधराएक मुलं होती, गलका होता, एक मुलगी कोपऱ्यात रडत होती. तिच्या नाकाला शेंबूड होता. नलूबाईंनी तो पदराने पुसला आणि मग भोवती पाहिलं. जुनैद पाण्याच्या पिंपापाशी उभा होता. रेश्मा दुसऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली आणि विचारलं, "काय रे जुनैद?"

"पानी," जुनैद म्हणाला.

नलूबाईंनी रेश्माला विचारलं, "हे कुठं शिकलीस? पेणला?"

"काय, बाई?"

"पोराला तहानलेलं ठेवायचं."

रेश्मा गोंधळली. "बाई, खरं सांगू? तो काय म्हणतो ते मला कळतच नव्हतं. पहिला महिनाभर नुसता उभा राहायचा, हात हलवायचा. मी आपली विचारायची, काय हवं? मोरी दाखवायची, डबा दाखवायची. शेवटी त्या दिवशी चिडून ओरडला." मग ती म्हणाली, "तुम्हाला सगळं कळायचं, बाई. आम्हाला कुणालाच कधी मागावं लागलं नाही."

ती हे आदराने म्हणाली होती. परतताना नलूबाई स्कूटरवर बसल्या नाहीत. घरापर्यंत चालत आल्या. मी स्कूटर ढकलत बरोबर होतो. वाटेत त्या एकदाच बोलल्या. "तिनं काय केलंय? तिला कळलं न्हाय म्हणून झालं ते. अडाणी हाय, अडाणी."

दुसऱ्या दिवशी पडवीत खिचडी वाढताना कोळीवाड्यातल्या तन्वीने रिकामी ताटली पुढे केली. नलूबाईंचा डाव तिच्या ताटलीपर्यंत गेला आणि थांबला.

"काय गं?"

तन्वीने ताटली आणखी पुढे केली.

"काय पायजे?"

मुलं खाता खाता थांबली. बाईंना कळलं नाही, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तन्वी रडू लागली. नलूबाईंनी दोन डाव वाढले आणि आत निघून गेल्या. आठवडाभर असंच चाललं. त्या विचारत, मूल बघत राही आणि शेवटी बाईच हरत. हात मांडीखाली घेऊन बसलेल्या नलूबाई मी तेव्हाच पाहिल्या. पुढच्या आठवड्यात तन्वी म्हणाली, "बाई, खिचडी. तुम्हाला ऐकायला येत न्हाय का?"

त्याचं नलूबाईंना विशेष वाटलं नाही. त्यांना जुनैद हवा होता. "सगळ्या गावाशी बोलतोय म्हणे. मासे विकणारीला नाव विचारतोय. माझ्याशी एक शब्द बोललाय का?" सलमाशी बाजारात गाठ पडली की त्या वाकून जुनैदच्या तोंडाकडे बघत. तो हसे आणि जे हवं ते बोटाने दाखवी. त्यांच्यापुढे त्याला बोलायची गरज वाटत नसे.

या मे महिन्यात माझी अलिबागला बदली झाली. मी निघालो त्या सकाळी नलूबाई एसटी स्टँडवर सोडायला आल्या होत्या. हातात पानांच्या द्रोणात करवंदं होती. मला म्हसळ्यापर्यंत नेणारी बस लागलेली. सलमा जुनैदला घेऊन त्याच बसला आली. जुनैदने नलूबाईंना पाहिलं, धावत आला, त्यांचा पदर ओढला आणि द्रोणाकडे बोट केलं.

नलूबाईंनी द्रोण पाठीमागे धरला. "काय रे?"

जुनैदने पुन्हा बोट केलं. सलमा म्हणाली, "बाई, बस सुटेल. त्याला काय पायजे ते दिसतंय की."

"मला न्हाय दिसत."

कंडक्टरने घंटी दिली. सलमाने जुनैदला उचललं आणि पायरीवर पाय ठेवला. जुनैदने तिच्या खांद्यावरून अंग मागे टाकलं, दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "बाई! दे!"

नलूबाई म्हणाल्या, "ऐकू न्हाय आलं. परत बोल."

जुनैद परत बोलला. कंडक्टरने बस थांबवून ठेवली होती.