कापडी गजऱ्याचा वास

बाळांनो, यंदाच्या मसाल्याचं पाकीट उघडण्याआधी हे वाचा.

परवा फुलबाजारात मी एक गजरा उचलला, नाकाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा, काय घमघमतोय!" फुलवाली बघतच राहिली.

"आजी, कापडाचा हाय तो. फोटोसाठी नेतात बाया."

शेजारची म्हणाली, "लय भारी नाक आजीचं! कापडातून मोगरा काढला."

मीही हसले, पण रिक्षात बसल्यावर विचारात पडले. वास मला खरोखर आला होता. मग तो आला कुठून?

घरी येऊन रीतसर तपासणी केली. मी डोळे मिटून बसले आणि तुमच्या आजोबांनी एकेक डबा नाकाखाली धरला. हिंग, लवंग, कॉफी, सगळी नुसती हवा. डोळे उघडून डब्यावरची चिठ्ठी वाचली, की लगेच कॉफी दरवळायला लागली! म्हणजे नाक केव्हाच रजेवर गेलं होतं आणि डोकं मला न विचारता जुन्या साठ्यातले वास काढून देत होतं. मी आपली समजत होते, जग जसं आहे तसंच मला कळतंय.

गंमत खरी, पण मसाल्याचं काय? तुमच्याच शहरात राहणारी शेजाऱ्यांची मुलगी रविवारी निघणार होती आणि पाकीट तिच्या बॅगेतून जायचं होतं. काळ्या मसाल्याची मापं माझ्याकडे लिहिलेली आहेत, पण गॅस कधी बंद करायचा हे आजवर नाकच सांगत आलं. तुमची आई फोनवर म्हणाली, "राहू द्या ना, इथे विकतचा मिळतो." ते ऐकून तर मी हट्टालाच पेटले.

खोबरं भाजायला घेतलं. छान खमंग वास सुटला. तेवढ्यात आजोबा बाहेरून ओरडले, "अगं, करपतंय!"

"अहो, तुम्ही पेपर वाचा. मला येतोय ना वास!"

"तुला तर कापडाचाही येतो."

मी गॅस बंद केला. एक तुकडा तोंडात टाकला, तर कडू जहर. सगळं कचऱ्यात गेलं.

मग आजोबाच ओट्यापाशी उभे राहिले. सातपूरच्या कारखान्यात जन्मभर माल तपासलेला माणूस. हात मागे बांधायचे, कढईवर वाकायचे आणि निकाल द्यायचे. "नापास. अजून थोडं." मी वाद घातला, पण त्यांना ऐकू कमी येतं, आणि अशा वेळी तर फारच कमी येतं. धणे त्यांनी पास केले तेव्हा माझ्या नाकाच्या मते ते साफ कच्चे होते. स्वतःला स्पष्ट येणारा वास बाजूला सारून नवऱ्याच्या नाकावर भरवसा ठेवायचा! संसारात एवढं अवघड मी काही केलं नव्हतं. तरी झारा खाली ठेवला.

मसाला कुटून आला. डबा उघडला, तर अगदी दरवर्षीसारखा वास. अर्थात माझ्या साक्षीला आता किंमत नाही. आजोबा "पास" म्हणाले, पण त्यांनीही आयुष्यात पहिल्यांदाच मसाल्यात नाक घातलंय. तेव्हा आमटीत घाला, खा आणि खरं काय ते सांगा. माझं मन राखायला "छान झालाय" म्हणालात, तर मला इथे बसल्या बसल्या छान वास येईल आणि पुढच्या वर्षी करपलेलं खोबरं तुम्हालाच खावं लागेल.