आप्पांचा उंबरा आणि आमची पट्टी

सरकारी कपाटात फायली साचतात तसे ऑफिसात किस्से साचतात. फायलींना निदान वाळवी लागते, किश्श्यांना तीही लागत नाही. घोड नदीवरच्या आमच्या धरणाच्या कॅम्पात मी सहा वर्षं काढली, नव्वदच्या दशकात. पाया, भिंत, खालचं वीजघर, सगळं डोळ्यांदेखत उभं राहिलं. भिंतीची उंची किती ते आता विचारू नका, विसरलो. माणसं मात्र जशीच्या तशी आठवतात.

माझं काम सोपं होतं. साहेब दुर्बिणीतून बघायचे, चेनमन किसन आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा राहायचा आणि साहेब सांगतील तो आकडा मी वहीत लिहायचो. धरण भरल्यावर पाणी कुठवर येणार ती रेषा आधीच ठरलेली. घराचा उंबरा त्या रेषेच्या खाली आला की घर बुडीत.

*

हा 'बुडीत' शब्द आमच्या तोंडात इतका बसला की घर कुठलं आणि माणूस कुठला, फरकच उरला नाही. शिपाई सरळ आत येऊन सांगायचा, "साहेब, दोन पूर्ण बुडालेले आलेत, एक अर्धा. आन् सरपंच बी हायत."

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "सरपंच कशात?"

"ते तरंगत्यात, साहेब."

*

पाबळकडचे एक मामा लेकीसाठी स्थळ बघायला निघाले, ते मुलाच्या घरी न जाता आधी आमच्याकडे आले. "पोराचं घर यादीत कुठं हाय तेवढं बघा. लेक पाण्यात द्यायची न्हाई मला."

मी यादी काढली. घर रेषेच्या वर होतं. म्हणालो, "मामा, काळजी सोडा. वर वर आहे."

मामांचा चेहरा पडला. "वर वर म्हंजी? मग आतनं कसा हाय पोरगा?"

*

त्याच यादीत बयाजीआप्पा होते, बुडीतमध्ये. त्यांचे वडील-आजे मेंढरं घेऊन फिरायचे, मुक्काम पडेल तिथं पाल ठोकायचे. आप्पांनी नदीकाठी जमीन कसली, पाटसच्या सुताराकडून चौकट आणली आणि दगडाचं घर बांधलं. "आमच्या घराण्यातलं हे पयलं दार," असं ते येईल त्याला सांगायचे.

आमच्या वहीप्रमाणे ते दार रेषेच्या जरासं खाली होतं. दर बाजाराच्या दिवशी आप्पा ऑफिसात यायचे आणि एकच विचारायचे, "दाराचं काय झालं?" वहीतला तो आकडा माझ्या अक्षरातला. ते आले की मी उगाच कपाट उघडून त्यात तोंड घालायचो. लाज वाटायची मला.

एकदा शेजारच्या रानात मोजणी चालली होती. आप्पा म्हणाले, मला बी बघू द्या. आमची दुर्बीण जुनी, तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. आम्हाला त्याची सवय झालेली. आप्पांनी ती आपल्या घराकडे वळवायला लावली आणि बराच वेळ डोळा लावून उभे राहिले.

"साहेब, बुडवायच्या आधीच उलथं पाडलंत व्हय?"

*

गावाला वीजघर समजावून सांगा, असा वरून हुकूम आला. शाळेत भरदुपारी स्लाइड शो ठेवला. अंधार हवा म्हणून खिडक्यांना वस्तीवरच्या घोंगड्या टांगल्या. धरणाचं पहिलं चित्र पडद्यावर आलं आणि लाइट गेली.

साहेब हट्टी, थांबतात कुठले! अंधारातच सुरू झाले. "पुढच्या चित्रात टर्बाइन आहे. पाणी पडलं की ते फिरतं, आणि मग गावोगाव वीज जाते."

आप्पांच्या कारभारीण येसाबाईंचा आवाज आला, "जाती ते म्हाईत हाय, साहेब. येती कवा, ते सांगा."

*

शेवटी आप्पांनी फेरमोजणीचा अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. आम्ही तिघं त्यांच्या दारात गेलो. किसननं पायऱ्यांच्या खाली, अंगणात पट्टी टेकवली. साहेबांनी दुर्बिणीतून बघितलं आणि डोळा बाजूला घेतला.

"किसन, तिथं का? उंबऱ्यावर धर."

किसन हलेना. "उंबऱ्यावर काठी कशी टेकवू, साहेब? हळदीकुंकू वाहिलंय त्याला."

"मागच्या वेळी कुठं धरली होतीस?"

"हितंच की. खाली."

बाकीच्या घरांचे उंबरे जमिनीलगत होते, त्यामुळं तिथं फरक पडला नव्हता. आप्पांनी मात्र पहिलं दार म्हणून हौसेनं दोन पायऱ्या चढवून बसवलं होतं. मी वहीत लिहिलेला आकडा अंगणाचा होता. दाराची मोजणी झालीच नव्हती.

येसाबाई म्हणाल्या, "थांबा." आतून तांब्या आणला, पट्टीचं टोक धुतलं, पदरानं पुसलं, त्याला हळदीकुंकू लावलं. "आता ठिवा." किसननं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि पट्टी टेकवली. साहेबांनी आकडा सांगितला. मी लिहिला, वजाबाकी केली, पुन्हा केली, वही साहेबांपुढे धरली.

साहेब म्हणाले, "आप्पा, उंबरा वीतभर वर आहे. दार बुडत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच अंगणात बसकण मारली. आप्पा येसाबाईंना घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. आम्ही तिघं बाहेर उन्हात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

आतून आप्पा म्हणाले, "वाजवा की."

साहेबांनी दार वाजवलं.

"कोण हाय?"

"धरणवाले."

"काय काम हाय?"

साहेबांनी माझ्या हातातली वही मिटली. "काही नाही, आप्पा."

"मग या," आप्पा म्हणाले आणि कडी काढली.